फ्रीव्हीलची किल्ली

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरांतील जुन्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या दोन तारा एकदम तुटल्या. ही सायकल वडिलांच्या वेळची. इंग्लंडांत तयार होऊन मुंबईच्या बंदरांत उतरलेली आणि पुण्याच्या रस्त्यांवर पन्नासांहून अधिक वर्षें चाललेली. तार तुटणें ही कांहीं मोठी आपत्ति नव्हे. परंतु तुटलेल्या दोन्ही तारा हबच्या उजव्या बाजूच्या होत्या, आणि त्या बाजूला ज्या दांत्यांच्या चक्राला आपण फ्रीव्हील म्हणतों, तें तारांच्या भोंकांवर झांकण घातल्यासारखें बसलेलें असतें. तें उतरल्यावांचून नवी तार ओंवतां येत नाहीं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानें चाक जमिनीवर आडवें टाकिलें, फ्रीव्हीलच्या तोंडावरील चार खांचांपैकीं एकींत छिन्नीचें टोंक टेकविलें, आणि वर हातोड्याचे घाव घालण्यास आरंभ केला. दहा-बारा घाव झाले. फ्रीव्हील तसूभरही हललें नाहीं. खांचेची कड मात्र तुटून पडली. "काका, हें गंजून बसलंय. आतां कापावंच लागेल," असा त्यानें निकाल दिला. मीं चाक उचलून घरीं आणिलें.

त्या दुकानदाराला दोष देण्याचें माझ्या मनांत नाहीं. त्याच्या खणांत फ्रीव्हील काढण्याच्या तीन किल्ल्या होत्या, आणि त्यानें तिन्ही लावून पाहिल्या होत्या. एकीला दोनच दांते होते, दुसरीला भोंवतीं बारीक दांत्यांची झालर होती, तिसरीला चार दांते होते खरे, पण ते या खांचांहून अरुंद वर्तुळावर बसविलेले होते. ज्या भागाचें काम सर्व सायकलींत एकच, तो काढण्यास इतक्या किल्ल्या कां लागाव्यात? हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा माग काढूं लागलें असतां सव्वाशें वर्षांचा कारखानदारीचा इतिहास त्या खणांतून बाहेर येतो.

फ्रीव्हील म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. स्वार पाय मारीत असतां चाक फिरावें, पण पाय थांबविले असतां चाकानें पायांना ओढूं नये, एवढेंच त्याचें काम. आंत एक गाभा असतो, बाहेर दांत्यांचें कडें. गाभ्यावर स्प्रिंगनें उचललेल्या लहानशा खिट्ट्या, आणि कड्याच्या आंतल्या अंगाला करवतीसारखे तिरपे दांते. सांखळीनें कडें पुढें ओढलें कीं खिट्ट्या दांत्यांत अडकतात व गाभ्यासह चाक फिरतें. पाय थांबले कीं कडें स्थिर राहतें, चाक पुढें पळतें आणि खिट्ट्या दांत्यांवरून घसरत जातात. उतारावर ऐकूं येणारा तो ओळखीचा टिकटिक आवाज या खिट्ट्यांचाच होय.

ही युक्ति सायकलीइतकी जुनी नाहीं. जर्मनींतील कार्ल ड्रैस यानें १८१७ मध्यें मानहाइम येथें आपलें दोन चाकांचें यंत्र रस्त्यावर आणिलें, तेव्हां त्याला पेडलेंच नव्हतीं; स्वार जमिनीला पाय रेटून पुढें जात असे. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाच्या आंसालाच पेडलें जोडण्यांत आलीं, आणि तेव्हांपासून चाक व पाय यांची जन्मगांठ पडली. चाक फिरे तोंवर पाय फिरलेच पाहिजेत, असा तो प्रकार होता. ही गांठ सोडविण्याचा मार्ग अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी गांवच्या विल्यम व्हॅन अँडेन यानें १८६९ मध्यें दाखविला. त्यानें हबांतच एकेरी फिरणारी खिट्टी बसविण्याचें पेटंट घेतलें. परंतु पुढें जवळजवळ तीस वर्षें या कल्पनेची कोणी फारशी विचारपूस केली नाहीं. याचें कारण उघड आहे. त्या काळीं स्वाराजवळ भरंवशाचा ब्रेक म्हणजे त्याचे स्वतःचे पायच. ते उलटे रेटून तो चाकाचा वेग आवरी. फ्रीव्हील लावणें म्हणजे हातचा लगाम सोडून देणें होतें.

मध्यंतरीं सायकलीचें रूप पालटलें. १८८० मध्यें मँचेस्टर येथें हान्स रेनोल्ड यानें रोलरची सांखळी तयार केली. १८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला सांखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल बाजारांत आणिली. १८८८ मध्यें बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आतां उतारावर सायकल आपल्याच वेगानें पळूं लागली, आणि स्वारांना पाय उचलून पुढच्या फोर्कवर बसविलेल्या आधारांवर ठेवावे लागूं लागले. खालीं पेडलें गरगर फिरतच असत. कडेला दाबणारे चांगले ब्रेक आले तेव्हां मात्र अडचण उरली नाहीं, आणि १९०० च्या सुमारास फ्रीव्हील घरोघरच्या सायकलींत शिरलें. जर्मनींत श्वाइनफुर्ट येथील फिख्टेल व सॅक्स या कारखान्यानें १९०३ मध्यें फ्रीव्हील व उलट्या पायानें लागणारा ब्रेक हीं दोन्ही एकाच हबांत बसवून 'टॉर्पेडो' या नांवानें विकण्यास काढलीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हें फ्रीव्हील हबवर बसवावें कसें? कारखानदारांनीं अत्यंत स्वस्त व सुटसुटीत उपाय योजिला. हबच्या उजव्या टोंकावर आटे पाडावयाचे, फ्रीव्हीलच्या गाभ्याच्या आंत त्याच मापाचे आटे पाडावयाचे, आणि हातानें फिरवून बसवावयाचें. पुढें आवळण्याचें काम स्वारच करतो. सांखळीची ओढ आणि आटे घट्ट होण्याची दिशा एकच असल्यामुळें पायाचा प्रत्येक दाब फ्रीव्हीलला हबवर थोडें अधिक आवळीत जातो. शर्यतीच्या मैदानांतील सायकलींना फ्रीव्हील नसतें; त्यांवरील स्थिर चक्राला स्वार उलटा जोर देऊं शकतो, म्हणून तें सुटूं नये यासाठीं त्याच्यावर उलट्या आट्यांचें एक कुलुपासारखें कडें बसवावें लागतें. फ्रीव्हीलला अशा कड्याची गरजच नाहीं, कारण उलटा जोर तें गाभ्यापर्यंत पोंचूंच देत नाहीं.

हीच त्याची सोय, आणि हीच अडचण. फ्रीव्हील सोडवावयाचें तर डावीकडे फिरविलें पाहिजे. पण त्याचे बाहेरचे दांते धरून डावीकडे फिरवूं गेलें तर कडें टिकटिक करीत मोकळें फिरतें आणि गाभा जागच्या जागीं राहतो. म्हणजे बाहेरून धरण्यास कांहींच नाहीं. धरावयाचें तर आंतल्या गाभ्यालाच, आणि गाभ्याचा जो भाग बाहेर दिसतो तो आंसाभोंवतींचा एक चिंचोळा वलयाकार काठ. त्या काठावर किल्लीचे दांते बसण्यासाठीं कारखानदारानें ज्या खांचा पाडून ठेविल्या असतील तेवढाच काय तो आधार. फ्रीव्हीलच्या किल्लीचें सर्व महत्त्व येथें आहे. ती सोयीसाठीं नव्हे. तीवांचून दुसरा सरळ मार्गच नाहीं.

आट्यांच्या बाबतींत कारखानदारांनीं बरीच एकवाक्यता साधिली. इंग्लंडांत सर जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्येंच स्क्रूचे आटे सर्वत्र एका मापाचे असावेत असा प्रस्ताव मांडिला होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील सायकल अभियंत्यांच्या संस्थेनें सायकलीच्या भागांसाठीं स्वतंत्र मापें ठरविलीं. फ्रीव्हीलचें इंग्लिश माप १.३७० इंच व्यासाचें, इंचाला २४ आटे. फ्रान्सनें आपल्या मेट्रिक पद्धतीप्रमाणें ३४.७ मिलिमीटर व्यास आणि दर मिलिमीटरला एक आटा हें माप घेतलें. इटलीनें व्यास ३५ मिलिमीटर घेतला, पण आटे मात्र इंचाला २४ ठेविले. इंग्लिश माप मिलिमीटरांत मांडलें तर ३४.८ होतें, म्हणजे फ्रेंच मापाहून केवळ दशांश मिलिमीटरानें अधिक. डोळ्यांना हा फरक दिसत नाहीं. फ्रेंच हबवर इंग्लिश फ्रीव्हील दोन-तीन फेरे सुखानें चढतें, आणि मग आटे कातरूं लागतें. असे असलें तरी मापें तीनच होतीं, आणि कोणता हब कोणत्या देशाचा हें कळलें कीं काम भागत असे.

खांचांच्या बाबतींत मात्र असें कांहीं झालें नाहीं. बर्मिंगहॅमची बी. एस. ए., वुल्व्हरहॅम्प्टनची व्हिलियर्स, नॉर्मंडींतील मायार, मिलानची रेजिना, ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें दोन किंवा चार खांचा पाडिल्या, अथवा आंतल्या बाजूनें दांत्यांची झालर कोरली. हें असें कां व्हावें? माझ्या मतें याचें उत्तर सायकलीच्या रचनेंत नसून व्यवहारांत आहे. आट्यांचें माप चुकलें तर एका कारखानदाराचें फ्रीव्हील दुसऱ्या कारखानदाराच्या हबवर बसणार नाहीं, आणि त्याचा माल पडून राहील. म्हणून जेथें विकणाऱ्याची गांठ विकणाऱ्याशीं पडत होती तेथें त्यांनीं एकत्र बसून माप ठरविलें. खांचेचें माप चुकल्यानें कोणाचाच माल पडून राहत नव्हता. खांचेचें काम पडतें तें विक्री होऊन पांच-दहा वर्षें लोटल्यावर, आणि तें पडतें एका तिऱ्हाइताला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला. माप ठरविणाऱ्यांच्या बैठकींत त्याला जागा नव्हती. जोडणाऱ्यांचें एकमत झालें. सोडविणाऱ्याचें मत कोणी विचारलेंच नाहीं.

साध्या सायकलीला याची झळ फारशी लागली नाहीं. थोडा हिशेब करून पाहूं. ७० किलो वजनाचा मनुष्य १७ सेंटिमीटर लांबीच्या क्रँकवर आपलें सर्व वजन टाकून उभा राहिला, पुढच्या चक्राला ४४ दांते आहेत आणि मागच्याला १८, असें समजूं. मग फ्रीव्हीलवर जो पीळ पडतो तो ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकास सुमारें १६ किलोचा जोर लावण्याइतका होतो. इतकें आवळलेलें फ्रीव्हील, गंज नसेल तर, छिन्नीच्या घावानेंही सुटतें. भारतांत १९४९ मध्यें मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ मध्यें सोनीपत येथें अॅटलस व १९५६ मध्यें लुधियानास हीरो हे कारखाने निघाले, आणि त्यांनीं लाखों सायकली ज्या इंग्लिश वळणावर काढल्या त्यांना मागें एकच चक्र असे. आपल्याकडे किल्लीपेक्षां छिन्नीचाच परिपाठ कां पडला, हें यावरून समजण्यासारखें आहे.

परंतु फ्रान्सांत गोष्ट निराळी झाली. सँतेत्येन गांवचा पॉल द व्हिव्ही, जो 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिही, तो १९३० मध्यें वारला तोंपर्यंत एकच गोष्ट लोकांना सांगत राहिला. ती ही कीं, डोंगराळ मुलखांत सायकलीला अनेक वेग पाहिजेत. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ मध्यें सुरू झाली. तिच्या चालकांनीं वेग बदलणाऱ्या डिरेलरला सर्व स्वारांसाठीं परवानगी दिली ती १९३७ मध्यें. त्यानंतर मागें तीन, चार, पांच चक्रें असलेलीं फ्रीव्हीलें पसरलीं. चढ चढण्यासाठीं पुढें लहान व मागें मोठें चक्र घ्यावयाचें. समजा, दोन्ही चक्रांना २८ दांते आहेत. त्याच मनुष्यानें त्याच क्रँकवर वजन टाकलें, तर आतां फ्रीव्हीलवर पडणारा पीळ त्याच पान्याच्या टोंकास ४० किलोच्या जोराइतका होतो. ज्या युक्तीनें स्वाराला घाट सोपा झाला, त्याच युक्तीनें दुरुस्ती करणाऱ्याचें काम अडीचपट अवघड झालें. दोन दांत्यांची किल्ली आतां खांचेंतून निसटूं लागली आणि निसटतांना खांच खाऊन टाकूं लागली. म्हणून गाभ्याच्या आंत सर्व बाजूंनीं बसणाऱ्या झालरीच्या किल्लीकडे कारखानदार हळूहळू वळले. पण तीही एक नव्हे. कोणाची वीस दांत्यांची, कोणाची चोवीस. आणि कित्येकींची भिंत इतकी जाड कीं आंसावरचा नट आधीं काढल्याशिवाय ती आंत उतरतच नसे.

याच सुमारास ही विद्या जपानांत रुजत होती. ओसाकाजवळचें साकाइ हें गांव फार पूर्वींपासून सुऱ्या व बंदुका घडविणाऱ्या लोहारांचें. तेथें १९२१ मध्यें शोझाबुरो शिमानो यानें आपला कारखाना काढला, आणि त्याचा पहिला माल फ्रीव्हील हाच होता. पुढें 'सनटूर' या नांवानें प्रसिद्धीस आलेला माएदा कारखानाही फ्रीव्हीलें करी. त्यानें कांहीं काळ दोन खांचा ठेविल्या, नंतर चार. शिमानोनें बारा दांत्यांची रुंद झालर घेतली. ती धरावयास इतकी भक्कम निघाली कीं पुढें इतर कारखानदारांनींही तीच उचलली. आज अनेक चक्रांचें नवें फ्रीव्हील बहुधा या बारा दांत्यांच्या किल्लीनें निघतें. जें कोणत्याहि संस्थेनें ठरविलें नाहीं तें अखेर बाजारानेंच ठरविलें. परंतु तोंपर्यंत सत्तर-ऐंशीं वर्षांचीं फ्रीव्हीलें जगभर रस्त्यांवर पसरलेलीं होतीं, आणि तीं अद्यापि आहेत.

खरें पाहतां या अडचणीवर मुळांतूनच उपाय पूर्वीं निघाला होता. खिट्ट्यांची योजना हबांतच कायमची बसवावी आणि दांत्यांचीं चक्रें तेवढीं वरून सरकवून लावावीं, म्हणजे आटे स्वाराच्या पायानें आवळले जाण्याचा प्रश्नच राहत नाहीं. इंग्लंडांतील बेलिस-वायली या कारखान्यानें १९३८ मध्यें असा हब विकावयास काढला होता. तो मागें पडला. १९७८ मध्यें शिमानोनें तीच कल्पना पुन्हां पुढें आणिली, आणि महागड्या सायकलींतून जुन्या पद्धतीचें फ्रीव्हील हळूहळू नाहींसें झालें. मात्र चक्रांना धरून ठेवणारें जें कडें नव्या हबवर येतें, त्याच्याहि खांचा जपानी कारखान्याच्या निराळ्या व इटलीच्या कांपान्योलोच्या निराळ्या. जुना धडा पुन्हां पहिल्यापासून गिरविणें चाललें आहे.

आतां माझ्या चाकाकडे येतों. पहिली गोष्ट मीं केली ती ही कीं, छिन्नी दूर ठेविली व चिंधीनें पुसून खांचा मोजल्या. चारांपैकीं तीन शाबूत होत्या. फ्रीव्हीलच्या तोंडावर आणखी दोन बारीक भोंकें दिसत होतीं. नवशिक्याला हींच किल्लीचीं भोंकें वाटतात, आणि तेथें खिळा ठोकून तो फ्रीव्हील फिरवूं लागतो. वस्तुतः तीं बाहेरच्या झांकणाचीं असतात. त्या झांकणाचे आटे उलटे असल्यामुळें तें सुटतें उजवीकडे. आणि सुटलें म्हणजे मोहरीसारख्या छोट्या गोळ्या जमिनीभर पसरतात, गाभा मात्र हबवर तसाच राहतो. त्या भोंकांना मीं हात लावला नाहीं. आणखी एक मोह होता. दोन तारा तुटल्याच आहेत, तर उरलेल्याहि कापून नवें चाकच बांधावें, असा सल्ला एकानें दिला होता. तो ऐकला असता तर हब कायमचा वायां गेला असता, कारण फ्रीव्हील सोडविण्यास लागणारा दांडा म्हणजे चाक स्वतःच. तारा कापल्यावर हातांत धरण्यास कांहीं उरत नाहीं.

खांचांच्या वर्तुळाचें माप कागदावर उतरवून मीं रविवारीं जुन्या बाजारांत गेलों. तीन ठिकाणीं नकार मिळाला. चौथ्या ठिकाणीं पान्यांच्या ढिगाऱ्यांतून म्हाताऱ्या विक्रेत्यानें एक काळा पडलेला पोलादी तुकडा काढला. त्याला चार दांते होते. कागदावर ठेवून पाहिला, तो बरोबर बसला. घरीं येऊन आट्यांवर तेल सोडलें व चाक दोन दिवस तसेंच ठेविलें. मग किल्ली खांचांत बसवून ती निसटूं नये म्हणून वरून आंसाचा नट आवळला. किल्लीचा चौकोनी भाग ओळखीच्या एका सुताराच्या बांकावरील व्हाइसमध्यें घट्ट धरला, आणि चाक दोन्ही हातांनीं समोरासमोर पकडून डावीकडे फिरविलें. चाकाचा व्यास सुमारें ६८ सेंटिमीटर. इतका लांब दांडा हातीं असला म्हणजे वर सांगितलेल्या ४० किलोच्या जोराची जागा दोन्ही हातांचा सतरा-अठरा किलोंचा जोर घेतो. पहिल्या दोन प्रयत्नांत कांहीं झालें नाहीं. तिसऱ्या वेळीं लांकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि चाक बोटभर सरकलें. लगेच नट सैल केला, नाहीं तर किल्लीच त्यावर दाबली जाऊन आंस मोडली असती. पुढें फ्रीव्हील हातानें उतरलें.

हबचे आटे आंतून जसेच्या तसे लखलखीत होते. गंज केवळ काठावर होता. दुकानदार म्हणाला तसें तें गंजून बसलेलें नव्हतें. वडिलांनीं कित्येक वर्षें रोज कचेरीला जातांना-येतांना जे पाय मारले, त्यांनीं तें आवळलें होतें, आणि सुटण्यास तें योग्य मापाच्या चार दांत्यांची वाट पाहत होतें. नव्या तारा ओंवल्या, आट्यांवर थोडें ग्रीस लाविलें, आणि फ्रीव्हील हातानें परत चढविलें. ती किल्ली त्याच दुकानदाराला नेऊन द्यावी असें प्रथम मनांत आलें. पण मग विचार केला कीं त्याला ती दाखवून तशीच दुसरी घडवून घ्यावयास सांगावें, आणि ही सायकलीबरोबर घरांतच ठेवावी. सायकल पुढें ज्याच्या हातीं जाईल त्याला निदान खांचा मोजण्यापासून सुरुवात करावी लागणार नाहीं.